किटली

हनोख गेला तेव्हा मी अकरावीला होते.
माझगावच्या गोदीतला फिटर तो,
तिकडे त्याच्या हाती दिली केळीची बाग.
पहिल्या पत्रात लिहिलं:
"केतुरा, इथं कुणाला खिसाच नाही.
सदरे धुलाईघरातून येतात, कॉलरला आकडा शिवलेला.
मी दोनशे चौदा.
जेवायला एकच दालन, तीनशे माणसं,
यंदाचा कारभारी पुढच्या वर्षी भांडी घासतो."

आईनं दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाली,
"भांडी घासणारा कारभारी होतो का, तेवढं विचार."

मुलगा झाला तेव्हा कळलं,
किबुत्झमध्ये मुलं बालघरात निजतात,
आईबापांकडे फक्त चार ते सात.
रात्री उठलं तर थोपटतं कोण?
जिची पाळी असेल ती, हनोखचं उत्तर.
त्यानंतर शुक्रवारी दिवा लावताना
आई एक वात जास्त लावायची.
बोलली कधी नाही.

एका पत्राच्या कडेला, बारीक अक्षरात:
"चारचा चहा मिळतो, पण तो आपला चहा नाही."
मी तांबाकाट्याला गेले.
दुकानदार म्हणाला, किती माणसांची?
एकाची.
एकाची येत नाही, बाई. चारची न्या.
मांजरपाटात शिवली, लाखेनं ठिपके दिले,
आणि टपालात टाकली
आमच्या घरातली एक वस्तू, त्याच्या घराला
ज्याला घर म्हणायची तिथं चाल नव्हती.

"किटलीवर सभा झाली. अडीच तास.
पोलंडहून आलेली म्हातारी उठून म्हणाली,
आज किटली, उद्या तिच्याभोवती चार खुर्च्या,
परवा दालनात जेवायला येणार कोण?
मतं पडली. किटली सामायिक झाली,
बुडाला सत्त्याऐंशी कोरलं.
मीही हात वर केला, केतुरा.
म्हातारीच्या बाजूनं."

मग पत्रं विरळ.
कापूस बुडाला, कर्ज, व्याजावर व्याज.
ठिबकच्या नळ्यांचा कारखाना.
मुलं रात्रीची घरी निजू लागली.
दालनात ताटाला पैसे, मग फक्त शुक्रवारी उघडं,
मग लग्नांना भाड्यानं.
इंजिनियरला एक पगार, केळीवाल्याला दुसरा.
"केळीला आता थायलंडची पोरं आहेत.
ती एकत्र जेवतात. शेडमागे."
शेवटी सामायिक सामान वाटून टाकलं
आणि किटली त्याची त्याला परत मिळाली.
म्हातारी तोवर गेली होती.
बरं झालं, त्यानं लिहिलं,
आणि ते खोडून पुन्हा तेच लिहिलं.

मी इकडे बत्तीस वर्षं इमारतीची सेक्रेटरी.
'सहकारी' हा शब्द आमच्या कागदावर छापलेला.
टाकी, लिफ्ट, तळमजल्याची गळती.
किती वेळा लिहिलं, ठराव एकमताने मंजूर.
एकमत एकदाच झालं होतं,
कबुतरांच्या जाळीवर.

हनोखची नात तामार परवा आली.
लोअर परळला नोकरी, राहते अंधेरीत,
चौदा जण, एक स्वयंपाकघर, एक लांब टेबल,
महिना बत्तीस हजार.
जाहिरातीत म्हणे 'एकत्र जगा'.
फ्रिजमधल्या दुधाच्या पिशव्यांवर नावं.
"आत्याआजी, माझ्या अंड्यांवरपण आकडे आहेत,"
आणि हसली, अगदी हनोखसारखी,
खालचा ओठ आत घेऊन.

पिशवीतून तिनं किटली काढली.
पोचा आलेली, चोच थोडी वाकडी.
आजोबा म्हणायचे, तिथलं मोडणं हिच्यापासून सुरू झालं.
खरंच? तिनं विचारलं.

मी आलं ठेचत राहिले.
साठ वर्षं एका किटलीचा हिशेब
माझ्याकडे कुणी मागितला नव्हता.

उकळी आली. दोन कप भरले.
तामार झाकण उचलून आत बघत म्हणाली,
अजून निम्मी आहे.
हो, म्हटलं. एकाची येत नाही.